‘डिपॉझिट गेलें’ म्हणजे काय?

निवडणुकीच्या निकालाचा दिवस मावळूं लागला म्हणजे चावडीपुढें, चहाच्या दुकानांत आणि मोटारीच्या थांब्यावर एकच वाक्य फिरूं लागतें : “अमक्याचें डिपॉझिट गेलें!” निवडून कोण आला ही वार्ता एकदां सांगितली कीं संपते. डिपॉझिट कोणाचें गेलें ही वार्ता मात्र पुन्हां पुन्हां सांगितली जाते, आणि सांगणाराला ती प्रत्येक वेळीं अधिकच गोड लागते. पराभव पुष्कळांचा होतो, त्यांत विशेष कांहीं नाहीं. परंतु डिपॉझिट जाणें म्हणजे नुसता पराभव नव्हे, ती नाचक्की होय, असा लोकांचा समज आहे. हा शब्द आतां निवडणुकीपुरताहि उरलेला नाहीं. गणितांत सात गुण मिळविणाऱ्या मुलाचें डिपॉझिट जातें, पहिल्याच डावांत चीत झालेल्या गड्याचें जातें, आणि मुलीकडून नकार आलेल्या नवरदेवाचेंहि जातें.

एखादा शब्द इतका रुळला म्हणजे त्याचा मूळ अर्थ नाण्यावरच्या छापासारखा झिजून जातो. डिपॉझिट हें नाणेंहि तसेंच झिजलें आहे, आणि ज्या मतदारांच्या हातून तें रोज फिरतें त्यांचीच त्यांत थोडी फसवणूक होत आहे. म्हणून त्याचा छाप एकदां उजेडांत धरून पाहणें बरें.

कायद्याच्या मराठींत या रकमेस ‘अनामत रक्कम’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अमानत’ या शब्दावरून आला. मराठी जिभेनें त्यांतील ‘म’ आणि ‘न’ यांची अदलाबदल केली. ‘नुकसान’चें ‘नुस्कान’ करणारी आणि ‘चिकटणें’ला ‘चिटकणें’ म्हणणारी जीभ हीच. अमानत म्हणजे विश्वासानें दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तु. ती वेळ येतांच जशीच्या तशी परत करावयाची, हा त्या व्यवहाराचा धर्मच आहे. ‘जप्त’ हा शब्दहि अरबीच, आणि त्याचा अर्थ ताब्यांत घेतलेलें. पेशवाईच्या कागदपत्रांत वतनें आणि सरंजाम जप्त झाल्याच्या नोंदी जागोजाग आढळतात, त्यांतला हा शब्द. तेव्हां ‘अनामत जप्त’ या जोडशब्दांत पहिल्या पदांत विश्वास आहे आणि दुसऱ्या पदांत सरकारचा हात आहे. विश्वासानें ठेवलेली वस्तु जप्त व्हावी, हें प्रथमदर्शनीं विचित्रच वाटतें.

वाचनालयाचा व्यवहार डोळ्यांपुढें आणला म्हणजे हें कोडें सुटतें. सभासद होतांना वर्गणी निराळी द्यावी लागते आणि अनामत निराळी. वर्गणी गेली ती गेलीच. अनामत मात्र सभासदत्व सोडतांना परत मिळते. पुस्तक हरवलें असेल तर मिळत नाहीं. उमेदवाराची अनामत या दुसऱ्या जातीची आहे. ती उमेदवारीची किंमत नव्हे, फी नव्हे, आणि दंड तर मुळींच नव्हे. मग पुस्तकाच्या जागीं येथें काय आहे? उमेदवारानें अशी कोणती वस्तु नेली, कीं जी परत न आल्यास त्याची ठेव बुडावी? त्यानें मतपत्रिकेवरची एक ओळ नेलेली असते. ती ओळ सर्वांच्या मालकीची आहे. तिच्यासाठीं कागद लागतो, यंत्रावर बटण लागतें, मोजणाऱ्यांचा वेळ लागतो आणि मतदाराचें लक्ष लागतें. ती ओळ आपण थट्टेनें मागत नाहीं, याची ग्वाही म्हणून उमेदवार कांहीं रक्कम सरकारजवळ ठेवतो. एवढाच मूळ अर्थ.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ सालचा. त्याच्या ३४ व्या कलमांत रक्कम किती हें सांगितलें आहे, आणि १५८ व्या कलमांत ती केव्हां परत करावयाची व केव्हां जप्त करावयाची हें सांगितलें आहे. लोकसभेच्या उमेदवारास २५,००० रुपये आणि विधानसभेच्या उमेदवारास १०,००० रुपये ठेवावे लागतात. अनुसूचित जातींच्या आणि जमातींच्या उमेदवारांना यांच्या निम्मी रक्कम पुरते. एकाच मतदारसंघांत एका उमेदवाराला चारपर्यंत अर्ज भरतां येतात. अनामत मात्र एकदांच. अर्ज छाननींत बाद झाला किंवा मुदतींत मागें घेतला तर रक्कम परत मिळते. मतदान सुरू होण्यापूर्वीं उमेदवार मरण पावला तर ती त्याच्या वारसांना मिळते. म्हणजे परत करणें हा नियम आहे आणि जप्ती हा अपवाद आहे, निदान कायद्याच्या कागदावर तरी.

अपवादाची कसोटी अशी आहे. जो उमेदवार निवडून आला नाहीं, आणि ज्याचीं मतें सर्व उमेदवारांना मिळालेल्या एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक नाहींत, त्याची अनामत जप्त होते. यांतील ‘अधिक’ या शब्दाकडे श्रोत्यांनीं नीट लक्ष द्यावें. समजा, एका मतदारसंघांत एकूण १,८०,००० वैध मतें पडलीं. त्यांचा सहावा हिस्सा ३०,०००. ज्याला बरोबर ३०,००० मतें पडलीं त्याची अनामत गेली. ज्याला ३०,००१ पडलीं त्याची वांचली. बाद झालेलीं मतें या हिशेबांत धरीत नाहींत. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळें २०१३ सालापासून यंत्रावर ‘वरीलपैकीं कोणीहि नाहीं’ असें जें बटण आलें, त्यावरचीं मतेंहि धरीत नाहींत. कारण तीं कोणत्याहि उमेदवाराचीं नसतात.

या हिशेबाच्या पोटांत कांहीं चमत्कार दडलेले आहेत. सात उमेदवार उभे आहेत आणि एकूण ७०,००० मतें पडलीं आहेत, अशी कल्पना करावी. एकाला १०,००६ मतें पडलीं आणि उरलेल्या सहा जणांना प्रत्येकीं ९,९९९. बेरीज बरोबर जुळते. पहिला सात मतांनीं निवडून आला. सहावा हिस्सा ११,६६६ च्या वर जातो, म्हणून सात मतांनीं हरलेल्या त्या साही जणांची अनामत जप्त! विजयी उमेदवारहि षष्ठांशाच्या खालींच आहे. पण तो निवडून आला असल्यामुळें कायदा त्याला हात लावीत नाहीं. चावडीवरचे लोक त्या सहा जणांना हसतील. परंतु त्यांच्यांत आणि गुलाल माखलेल्या गृहस्थांत अंतर आहे तें एका घरांतल्या मतांचें.

लोकसभेच्या मतदारसंघांत तर दहाबारा लाख मतें पडणें आतां नेहमींचें झालें आहे. बारा लाखांचा सहावा हिस्सा दोन लाख. म्हणजे दोन लाख माणसांनीं उन्हांत रांगेंत उभें राहून ज्याच्या नांवापुढचें बटण दाबलें, त्याचेंहि डिपॉझिट जाऊं शकतें. ‘त्याला कोणी विचारलें नाहीं’ असा या शब्दाचा जो अर्थ लोक करतात, तो येथें साफ खोटा ठरतो. आणि हसतांना हंसू कोणावर उधळलें जातें? त्या एका माणसावर नव्हे. त्या दोन लाख मतदारांवर.

ही पद्धत भारताची उपज नव्हे. इंग्लंडमध्यें १९१८ सालच्या कायद्यानें मताधिकार एकदम विस्तारला, आणि त्याच कायद्यानें प्रत्येक उमेदवारावर १५० पौंडांच्या अनामतीची अट घातली. एकूण मतांच्या अष्टमांशाहून कमी मतें पडलीं तर ती रक्कम बुडत असे. दार रुंद करावयाचें आणि त्याच वेळीं उंबरठा उंच करावयाचा, असा हा प्रकार. पुढें १९८५ सालीं इंग्लंडनें रक्कम ५०० पौंड केली, पण अट पुष्कळ सैल केली. आतां विसावा हिस्सा मतें मिळालीं तरी पुरतात. भारतानें रक्कम वाढविली. षष्ठांश मात्र हलविला नाहीं.

भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. लोकसभेच्या ४८९ जागांसाठीं १,८७४ उमेदवार उभे राहिले आणि त्यांपैकीं ७४५ जणांनीं अनामत गमावली. म्हणजे शेंकडा चाळीस. त्या वेळीं लोकसभेसाठीं ५०० रुपये आणि विधानसभेसाठीं २५० रुपये ठेवावे लागत. पांचशें रुपये तेव्हां लहान रक्कम नव्हती. परंतु पुढें पंचेचाळीस वर्षें महागाई वाढत गेली आणि अनामत जेथल्या तेथें राहिली. नव्वदच्या दशकांत तिचें ओझें कोणालाच वाटेनासें झालें, आणि १९९६ सालीं त्याचा जो परिणाम दिसला तो सांगण्याजोगा आहे.

त्या वर्षीं लोकसभेसाठीं देशांत १३,९५२ उमेदवार उभे होते. एकट्या बेळगांव मतदारसंघांत ४५६. बेळगांवच्या मराठी माणसाचें गाऱ्हाणें महाराष्ट्राला सांगावयास नको. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपासून तें गांव आणि भोंवतालचा मुलूख कोठें असावा हा वाद चालू आहे. सभा झाल्या, सत्याग्रह झाले, अर्ज झाले. तेव्हां महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांनीं मतपत्रिकेलाच अर्जाचा कागद करावयाचें ठरविलें, आणि एकामागून एक माणसें उमेदवारीचा अर्ज भरूं लागलीं. आंध्र प्रदेशांतील नलगोंडा येथें ४८० उमेदवार उभे राहिले. तेथला प्रश्न पाण्याचा. त्या जिल्ह्यांत जमिनींतल्या पाण्यांत फ्लोराइड असतें. त्यानें दांत पिवळे पडतात, हाडें वांकतात, आणि तरणीं माणसें काठी टेकीत चालतात. तमिळनाडूंत त्याच वर्षीं विधानसभेच्या मोडकुरिची मतदारसंघांत शेतकऱ्यांनीं आपल्या मागण्यांकडे लक्ष वेधण्यासाठीं असेच अर्ज भरले. त्यांची संख्या १,०३३ झाली. मतपत्रिकेचें पुस्तक छापावें लागलें आणि मतदान महिनाभर पुढें ढकलावें लागलें. निकाल लागला तेव्हां त्यांतील ८८ उमेदवारांना एकहि मत पडलेलें नव्हतें.

ही शेवटची गोष्ट ऐकून पुष्कळांना हंसूं येतें. परंतु जरा थांबून विचार करावा. शून्य मतें मिळविणारा तो शेतकरी वेडा होता काय? मत मागावयास तो उभाच राहिला नव्हता. ज्याला मतें नकोतच त्याचा मतांच्या बाबतींत पराभव कसा व्हावा? कोर्टांत फिर्याद द्यावयाची तर कागदावर स्टँप लावावा लागतो. त्यानें २५० रुपयांचा स्टँप लावून आपली फिर्याद देशापुढें ठेवली. तो पैसा परत यावा अशी त्याची अपेक्षाहि नव्हती. बेळगांव, नलगोंडा आणि मोडकुरिची येथें अनामत हा शब्दच लागू पडत नव्हता. आणि तरीहि निकालाच्या कागदावर त्या सर्वांची गणना ‘अनामत जप्त’ याच रकान्यांत झाली.

दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. ज्या मतदाराला वाचतां येत नाहीं, ज्याची दृष्टि अधू झाली आहे, त्या म्हातारीनें शेंकडों चिन्हांच्या त्या चोपडींतून आपलें चिन्ह कसें शोधावयाचें? गाऱ्हाणें खरें असलें तरी त्याचा भार जिच्यावर पडला तीहि तितकीच गरीब होती. सरकारला कांहीं तरी करणें भाग होतें यांत शंका नाहीं.

सरकारनें १९९६ च्या ऑगस्टपासून कायदा बदलला. लोकसभेची अनामत १०,००० आणि विधानसभेची ५,००० झाली. जो उमेदवार मान्यताप्राप्त पक्षाचा नाहीं त्याला एकाऐवजीं दहा सूचक लागूं लागले. परिणाम तात्काळ दिसला. १९९८ च्या लोकसभेच्या निवडणुकींत उमेदवारांची संख्या ४,७५० वर आली. पांच निवडणुकांचें काम एकाच कायद्यानें झालें असें तेव्हां अनेकांना वाटलें.

परंतु या दोन निवडणुकांचे आंकडे एकमेकांजवळ मांडून वजाबाकी केली म्हणजे एक मौज दिसते. १९९६ सालीं १३,९५२ उमेदवारांपैकीं १२,६८८ जणांची अनामत गेली. वांचली १,२६४ जणांची. १९९८ सालीं ४,७५० पैकीं ३,४८६ जणांची गेली. वांचली १,२६४ जणांची. एकानेंहि कमी नाहीं, एकानेंहि अधिक नाहीं! आंकडे इतके तंतोतंत जुळावे हा निव्वळ योगायोग. पण ते जवळपास जुळावे यांत योगायोग नाहीं. जागा ५४३. प्रत्येक ठिकाणीं खरी झुंज दोघांत, क्वचित् तिघांत. ती झुंज खेळणारे लोक अनामत वाढली म्हणून घरीं बसत नाहींत. नऊ हजार लोक घरीं बसले ते सगळे झुंजीबाहेरचे. म्हणजे अनामतीच्या वाढीनें निकालांत ढवळाढवळ झाली नाहीं, असें तिच्या बाजूनें म्हणतां येईल. आणि ज्यांना दुसरें व्यासपीठ नव्हतें त्यांचें तेवढें व्यासपीठ गेलें, असें विरुद्ध बाजूनेंहि म्हणतां येईल. दोन्ही म्हणणीं खरीं आहेत.

हा बांधहि फार दिवस टिकला नाहीं. २००९ सालीं कायद्यांत पुन्हां दुरुस्ती होऊन अनामत आजच्या आंकड्यावर गेली. तरी २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत ८,३६० उमेदवार उभे होते आणि त्यांतील ७,१९० जणांची अनामत जप्त झाली. शेंकडा शहाऐंशी. १९५१-५२ सालीं जो अपवाद होता तो आतां नियम झाला आहे, आणि परत मिळणें हा अपवाद.

रक्कम पुरेशी मोठी नाहीं म्हणून असें होतें, असें म्हणणारे लोक आहेत. त्यांनीं आणखी एक भागाकार करून पाहावा. पहिल्या निवडणुकीच्या वेळीं लोकसभेच्या उमेदवाराला बहुतेक राज्यांत २५,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती, आणि अनामत होती ५०० रुपये. म्हणजे खर्चाचा पन्नासावा हिस्सा. २०२२ सालीं मोठ्या राज्यांत ही खर्चाची मर्यादा ९५ लाख झाली. २५,००० रुपये हा तिचा तीनशेंऐंशीवा हिस्सा आहे. पहिल्या निवडणुकींत जेवढ्या पैशांत सगळी निवडणूक लढवितां येत असे, तेवढे पैसे आतां नुसते ठेव म्हणून ठेवावे लागतात. आणि तरीहि ज्याच्या पाठीशीं पैसा आहे त्याला ती ठेव पूर्वीपेक्षां हलकी झाली आहे. शेतमजुराला मात्र ती डोंगराएवढी आहे. ठेव वाढविल्यानें गंभीर माणूस आणि थट्टेखोर माणूस वेगळे पडत नाहींत. पैसेवाला आणि बिनपैशांचा तेवढे वेगळे पडतात. थट्टेखोर श्रीमंत असला तर त्याला कोणतीच अनामत अडवीत नाहीं. गंभीरपणाची साक्ष पैशानें घेण्यापेक्षां शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं द्यावी, दहाऐवजीं शंभर-दोनशें मतदारांच्या सह्या मागाव्या, हें अधिक न्यायाचें झालें असतें. सह्याहि विकत मिळतात, असा आक्षेप येईल. येऊं द्यावा. सही विकणाऱ्याला निदान आपलें नांव तरी उघड लिहावें लागतें.

अनामतीची ज्यांना कधींच भीति वाटली नाहीं अशा माणसांची एक जातहि या देशांत आहे. त्यांत सर्वांत नांवाजलेले बरेलीचे कापडाचे व्यापारी काका जोगिंदरसिंग. त्यांनीं आयुष्यांत तीनशेंहून अधिक निवडणुका लढविल्या आणि सगळ्या हरले. १९९२ सालीं ते राष्ट्रपतिपदासाठींहि उभे होते. लोकांनीं त्यांना ‘धरती-पकड’ हें नांव दिलें. हा शब्द आखाड्यांतला. जो मल्ल पोटावर पडून जमिनीला असा चिकटतो कीं त्याला कोणी उताणा करूं शकत नाहीं, तो धरती-पकड. नांव थट्टेचें खरें. पण त्या थट्टेंत थोडा मान मिसळलेला आहे, कारण पाठ लागल्याशिवाय कुस्ती संपत नाहीं हें आखाड्याच्या भोंवतीं बसलेल्या सर्वांना ठाऊक असतें. १९९७ सालीं राष्ट्रपतिपदासाठींची अनामत २,५०० वरून १५,००० रुपये झाली, आणि पन्नास सूचक व पन्नास अनुमोदक आणण्याची अट आली. ती वाट काकांसारख्यांना तेव्हांपासून बंदच झाली. पुढल्याच वर्षीं ते वारले.

एक गोष्ट राहिली. १५८ व्या कलमांत एक उपनियम आहे, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. एकाच सार्वत्रिक निवडणुकींत एखादा उमेदवार दोन मतदारसंघांतून उभा राहिला, तर त्याला एकच अनामत परत मिळते. दुसरी जप्त होते. मतें किती पडलीं, तो हरला कीं जिंकला, याचा येथें कांहीं संबंध नाहीं. दोन्हीकडे जिंकला तर त्याला एक जागा सोडावी लागते आणि तेथें सरकारी खर्चानें पुन्हां निवडणूक घ्यावी लागते, हें या नियमामागचें कारण असावें. २०१४ सालीं नरेंद्र मोदी बडोदें आणि वाराणसी या दोन ठिकाणांहून निवडून आले. २०२४ सालीं राहुल गांधी वायनाड आणि रायबरेली येथून. दोघांनाहि दोन्हीकडे लाखांनीं मतें पडलीं, दोघांच्याहि मिरवणुका निघाल्या. आणि कायद्याप्रमाणें दोघांचीहि एकेक अनामत सरकारजमा झाली. त्या दिवशीं कोणत्याहि चावडीवर ‘डिपॉझिट गेलें’ असें कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.